फर्माइशीत तुझं नाव

लकडगंज, नागपूर
१२ मार्च १९७४

प्रिय शामाताई,

तुझा पत्ता कोणालाच माहीत नाही, तरी लिहितो आहे. तू जातीबाहेर लग्न करून गेलीस, तेव्हापासून या घरात तुझं नाव घ्यायचं नाही, असा बाबांचा हुकूम आहे. आईही तो पाळते.

आज दुपारी आम्ही जेवत होतो. विविध भारतीवर फर्माइशीची गाणी चालू होती. एक गाणं लावण्याआधी रेडिओवरच्या बाईनं आपल्या चौघांची नावं वाचली, "लकडगंज, नागपुर से रुपराव, भागीरथा, नामदेव और शामला."

आईचा घास हातातच राहिला.

"काहून गा नामदेव, फर्माइशीचं कार्ड तू टाकलं काय?"

"मी नाही टाकलं."

मग आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून भात कालवत राहिले. गाणं तुझ्या आवडीचं होतं. ते संपल्यावर म्हणाले, "सेल उतरून राहिले. आवाज बसला." आवाज चांगला खणखणीत होता.

संध्याकाळी ते सीताबर्डीहून नवे सेल घेऊन आले. ट्रान्झिस्टरमध्ये घालता घालता, वर न पाहता त्यांनी आईला विचारलं,

"तिच्या घरी रेडिओ असन काय वं?"

तुझा भाऊ,
नामदेव