बारशाचा वरवंटा परत मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सह्यशिखर राज्य अतिथीगृह,
नवी दिल्ली.

विषय : सुरक्षा विभागाने जप्त केलेला बारशाचा वरवंटा परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली जप्ती पावती, दि. ८ जून २०२५ (पावतीत वस्तूचे वर्णन : 'पत्थर का हथियार').

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय कळवितो की, संदर्भीय दिनांकास आपल्या सभागृहाच्या दारावरील यंत्र मी वरवंट्याने फोडले. पहिल्या घावात काच गेली, दुसऱ्यात आतल्या तारा लोंबू लागल्या. पुढचे घाव मोजले नाहीत. यंत्राबद्दल मला खेद नाही.

१. सदर सभागृह पूर्वी आपल्या संकेतस्थळाच्या एका साध्या पानावरून मिळत असे. तारीख, नाव, फोन भरला की झाले. किल्ली शिपायाकडे असे. गतवर्षी ते पान मोडीत काढून नवी प्रणाली आणली गेली व दारही तिच्या ताब्यात दिले गेले. ही प्रणाली माझे जावई श्री. सुजय यांनीच त्यांच्या गुरुग्राममधील कंपनीतर्फे बनविली आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. तीन रकान्यांसाठी एवढा पसारा कशाला, असे मी तेव्हाच विचारले होते. ते म्हणाले, "बाबा, साधं पान आता कोणी बनवतच नाही."

२. बारशाच्या दिवशी दार उघडेना. किल्लीऐवजी वापरायच्या फोनवर नुसते चक्र फिरत राहिले. माझी मुलगी क्षिप्रा बाळाला घेऊन बाहेर लूच्या गरम झळांत उभी होती. सुजयराव पायरीवर लॅपटॉप उघडून बसले, तेव्हा कळले ते असे : दिनदर्शिकेचा एक चौकोन दाखविण्यासाठी या प्रणालीत परक्यांनी लिहिलेले कोडचे शेकडो तुकडे जोडले आहेत. त्यांपैकी एक कोणा परदेशस्थाने रात्रीतून बदलला, म्हणून दिल्लीत दार बंद. तो तुकडा करतो काय, असे विचारता, "बघावं लागेल," एवढेच उत्तर मिळाले. आपला पहारेकरी म्हणाला, "अंकल, सिस्टम से ही खुलेगा. चाबी तो है ही नहीं."

३. तेवढ्यात बाळाचे रडणे थांबले. मान कलली. क्षिप्राने माझ्याकडे पाहिले. पाळण्याखालून-वरून फिरविण्यासाठी कुंची घालून सजविलेला वरवंटा माझ्या हातातच होता. मी घाव घातला. सुजयरावांनी मागून हात धरला, तो दगड आणि चौकटीच्या मध्ये आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कुंचीवर रक्त उडाले, तरी थांबलो नाही. कुलूप तुटून दार उघडले तेव्हाच थांबलो. आत एसी चालूच होता. गार वाऱ्यात, ओल्या फडक्याने बाळ सावरले. सुजयरावांच्या बोटांबद्दल मला वाईट वाटते. ते मी त्यांना सांगितले आहे.

४. सदर वरवंटा माझी दिवंगत पत्नी प्रभा हिने लग्नानंतर मिरजेहून आणला. क्षिप्राचे बारसे त्यानेच झाले. आईच्या वरवंट्याशिवाय बाळाचे नाव ठेवणार नाही, असे क्षिप्राने निक्षून सांगितले आहे. जप्त वस्तू परत मागण्यासाठीही आपली तीच प्रणाली वापरावी लागते. आरक्षण बारशाचे असल्याने ती 'बालकाचे नाव' मागते व त्याशिवाय पुढे सरकत नाही. वरवंट्याशिवाय नाव नाही, नावाशिवाय वरवंटा नाही. सुजयरावांनी डाव्या हाताने बराच प्रयत्न केला. स्वतः बांधलेल्या वाड्यात चोरवाटही ठेवलेली नाही, असे ते म्हणाले आणि रडले. घरात बाळाला अजून 'ए' म्हणतात.

५. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता प्रणालीला वळसा घालता येत नाही, असे सांगण्यात आले. महोदय, वरवंटा आपल्या टेबलामागच्या कपाटात आहे, तो मी काचेतून पाहिला आहे. कपाटाला प्रणाली नाही, कडी आहे.

तरी येत्या रविवारी मी वरवंटा नेण्यास समक्ष येत आहे. हात रिकामे असतील. मात्र मागील वेळी मी घरून निघालो तेव्हाही बारशालाच निघालो होतो. आपण त्या दिवशी दार उघडे ठेवावे, ही विनंती.

आपला, अद्याप नम्र,
मुरलीधर खंडेराव शेजवळ
सरकारी वसाहत, आर. के. पुरम, नवी दिल्ली
दि. १२ जून २०२५

सोबत :
१) जप्ती पावतीची प्रत
२) श्री. सुजय यांच्या उजव्या हाताचा एक्स-रे
३) बाळाचे छायाचित्र (मागे नाव लिहिलेले नाही)