धोंड्याच्या महिन्यातला गुरुवार

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होता तोवर मी तुम्हाला खरं असं काही लिहिलं नाही. माझं कार्ड चाकणच्या बाजारात यायचं, कांद्याच्या वखारीतले दिवाणजी ते मोठ्यानं वाचायचे आणि तुमच्याबरोबरचे हमाल पाठीवरची गोणी उतरवून ऐकत उभे राहायचे. आपल्या मुलीला लिहिता येतं याचंच तुम्हाला केवढं अप्रूप. दुसरीतून शाळा सुटलेली पोर वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकली, हे तुम्ही दर कार्डाला दिवाणजींना नव्यानं सांगायचात म्हणे. अशा चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कार्डात माणूस काय लिहिणार? आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवा. आता तुम्ही नाही, हेही गेले. दुपारी घरात मी एकटीच असते. मोठ्यानं वाचणारं कोणी नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही भेटलात की विचारायचात, दोघांचं कसं चाललंय. मी म्हणायची, बरं चाललंय. खरं तर फार चांगलं चाललं होतं, आणि ते तुम्हाला सांगायला मला जड जायचं. तुम्ही गोण्या वाहत होता आणि आम्ही पिंपरीत पंख्याखाली झोपत होतो. ऐंशी सालचा उन्हाळा आठवतो. पहाटे नळाला पाणी यायचं, हंडे भरून होईतो ह्यांच्या पहिल्या पाळीची वेळ व्हायची. दुपारी हे घरी यायचे तेव्हा स्लॅब तापून घर भट्टी झालेलं असायचं. मी फरशीवर पाणी मारायची, हे त्या ओल्या फरशीवर उघड्या अंगानं आडवे व्हायचे आणि मी उंबऱ्यात बसून पुड्याचा कागद वाचायची. गोष्ट नेमकी जिथं रंगात यायची तिथं कागद फाटलेला असायचा. मग हे झोपेतच म्हणायचे, "पुढं काय झालं?" मी मनानं काहीही सांगायची. ऊन उतरलं की सायकलवर डबलसीट पिंपरीच्या बाजारात. रसवंतीत एकच मोठा ग्लास घ्यायचा, अर्धा ह्यांनी, अर्धा मी. उन्हाळा सरत आला की हापूस जाऊन रायवळ आंबे यायचे, आणि हे एकेक आंबा दाबून बघायचे. विकणारी बाई एकदा म्हणाली, "साहेब, आंबा हाय तो, हॉर्न न्हाई." तेव्हापासून घरात कोणी काही दाबलं की आम्ही दोघं हसायचो.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना, जावयाला बोलवायचा, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. हेच मला म्हणाले, "चाकणला कधी जायचं? गुरुवारच्या सुट्टीला जोडून एक रजा टाकतो." मी म्हटलं, बघू. आबा, आमच्या लग्नाचा मांडव मामाच्या दारात होता. आपलं घर ह्यांनी आत येऊन कधी पाहिलेलंच नव्हतं. वखारीमागची एक खोली, भिंतीला लावलेली रिकामी पोती, आणि बारा महिने तो कांद्याचा वास. आई गेल्यापासून तर चूलही बाहेरच. ह्यांना तिथं कुठं बसवायचं, कुठं निजवायचं, याचा विचार करून मी तुम्हाला कार्ड टाकलं की ह्यांना कंपनीत रजा मिळत नाही, या महिन्यात येणं जमणार नाही. ह्यांना सांगितलं की आबा म्हणतात, बाजाराची गडबड आहे, येऊ नका. दोन्हीकडं खोटं बोलले आणि सुटले असं वाटलं मला.

तुम्ही गुरुवारी आलात. गुरुवारी पिंपरीच्या कंपन्या बंद असतात हे तुम्हाला बाजारातल्या कुणी तरी सांगितलं असणार. हे बनियनवर, सायकल उलटी करून चेनला तेल घालत होते. तुम्ही जिन्यातून वर आलात, खांद्यावर पिशवी, हातात फडक्यात बांधलेला पत्र्याचा डबा.

"जावईबापू, रजा न्हाई तर न्हाई," तुम्ही म्हणालात. "म्हटलं आपुनच जावं. वाण काय, कुठंबी देता येतं."

"रजा?" हे म्हणाले. "रजेचं काय, मी तर..." मग ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी डब्याकडं पाहत होते. "हां, रजा," हे म्हणाले. "ओव्हरटाइम चाललाय हो फार. सोडतच नाहीत."

बापानं लेकीच्या दारी यावं तर लेक तांब्या घेऊन धावते. मी म्हटलं, "आबा, आधी आंघोळ करून घ्या."

"करूनच निघालो की पहाटं."

"परत करा. ऊन किती आहे."

तुम्ही सदऱ्याची बाही नाकाजवळ नेलीत, वास घेतलात, आणि मोरीकडं गेलात. मी नवा साबण काढून दिला. पाणी प्यायला विचारायचं मला तुम्ही आंघोळीला बसल्यावर सुचलं, ह्यांनी सुचवलं म्हणून.

आंघोळ करून आल्यावर तुम्ही डब्याची गाठ सोडलीत, आणि इतक्या हौसेनं सांगायला लागलात की मी तुम्हाला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तांदूळ तीन दिस भिजत घातलं. रोज पाणी बदललं. शेजारच्या म्हातारीकडनं कुटून घेतलं, गूळ मळला, पीठ मुरवलं. सगळं तुझ्या आयसारखं. फकस्त तुपात टाकला की खदाखदा हसायचा आन् पसरायचा." अनारसा तळताना विरघळून पसरला तर बायका म्हणतात, हसला. ते तुम्हाला म्हातारीनं शिकवलं असणार. "निम्मं हसलं. मग म्हटलं आपुनबी हसावं." डब्यात काळपट चुरा होता, जाळी जाळी झालेले तुकडे, आणि धड म्हणावेत असे मोजके वर रचून ठेवलेले. त्यांच्यावरची खसखस जळलेली. हे म्हणाले, "आबा, तुम्ही स्वतः केले?" आणि तिथंच एक तुकडा उचलायला हात पुढं केला. तुम्ही त्यांचा हात धरलात. "वाण दिल्याबिगर न्हाई."

मग तुम्ही मला म्हणालात, "तुझी आय असती तर तिनं ओवाळलं असतं. शेजारी कुणी सवाष्ण असंल तर बोलव. बाप्या माणसानं कसं ओवाळायचं?"

समोर सुपरवायझरांच्या पत्नी, वहिनी, राहायच्या. पुण्याच्या. त्यांच्या घरी काचेच्या बरण्या ओळीनं असायच्या आणि सगळ्या कॉलनीत त्यांच्या हाताचं नाव होतं. त्यांना बोलवल्याशिवाय इलाज नव्हता, दुसरीकडं कुठं जावं तर त्या विचारणार, मला का नाही. तुम्ही जेवून कलंडलात, तेव्हा मी ह्यांना जिन्यात नेलं आणि म्हटलं, चिंचवडगावात जाऊन हलवायाकडून अनारसे घेऊन या.

"कशाला? आहेत की."

"ते ताटात ठेवायचे? वहिनींसमोर?"

"खायचे तर मलाच आहेत."

"अहो, जा ना. मी पाया पडते."

भर उन्हात हे सायकल घेऊन गेले. परत आले तेव्हा मानेवरून घाम निथळत होता आणि हातात दोऱ्यानं बांधलेला पुडा होता. मी तुमचा डबा ओट्याखाली सरकवला, ताटात ते विकतचे अनारसे रचले, वर रुमाल टाकला. तुम्ही जागे झालात की तुम्हाला नीट सांगायचं असं ठरवलं होतं. पण वहिनी चहाच्या आधीच आल्या.

हे पाटावर बसले आहेत, तुम्ही आणलेली टोपी डोक्यावर, टॉवेल खांद्यावर. मला तुम्ही खण दिलात, तो माझ्या ओटीत आहे. वहिनींनी ओवाळलं. तुम्ही ताट दोन्ही हातांनी उचललंत आणि रुमाल बाजूला केलात. एकसारखे, तांबूस, वर पांढरी खसखस. तुमचे हात तिथंच थांबले. मला तुमच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी हातांकडं बघत होते. गोणीचा आकडा धरून धरून वाकडी झालेली बोटं.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "एकही हसला नाही. काका, कोणी केले हो?"

मी बोलायला हवं होतं. विकतचे आहेत, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यात काही बिघडत नव्हतं.

"पोरीनं केलं," तुम्ही म्हणालात. "आयचा हात हाय तिला." आणि ताट जावयाच्या हातात देऊन खाली वाकलात, वाण देताना वाकतात तसं.

ह्यांनी तुम्हाला पाया पडू दिलं नाही. उठून हेच तुमच्या पाया पडले. वहिनी म्हणाल्या, बघा, जावई असावा तर असा, आणि दोन अनारसे खाऊन माझ्याकडं पीठ मुरवायची रीत विचारू लागल्या. मी सांगितली, आबा. तुम्ही डबा उघडून सांगितली होतीत तीच, तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. तुम्ही भिंतीला टेकून ऐकत होतात आणि मधे एकदा मान डोलवलीत.

निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरी, डबा मोकळा करून दे. म्हातारीचा हाय." मी स्वयंपाकघरात जाऊन घाईघाईनं सगळं एका कागदावर ओतलं. डबा धुऊन दिला. तुम्ही तो फडक्यात पहिल्यासारखाच बांधलात. ह्यांनी तुम्हाला सायकलवरून नाशिक फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत तुम्ही काय बोललात हे मी विचारलं, तर हे म्हणाले, "काही नाही. चेनला तेल कुठलं घालतो ते विचारत होते."

दिवेलागणीला मी तो कागद उचलला आणि म्हटलं, गाईला घालून येते.

"गाईला कशाला?" हे म्हणाले. "वाण मला दिलंय."

मग रोज पहाटे हे तुमचे अनारसे डब्यात घेऊन कामावर जायचे. कंपनीत सगळ्यांना सांगायचे, सासऱ्यांनी केलेत, स्वतः केलेत. माझ्यावर रागावले नाहीत, आणि मी वाट बघत राहिले की आज बोलतील. तेव्हाही आम्ही संध्याकाळी बाजारात जायचो, रसाचा ग्लास अर्धा अर्धा प्यायचो. हे पूर्वीसारखेच होते. त्या उरलेल्या उन्हाळ्यात मीच ह्यांच्या मागे सायकलवर गप्प बसून असायची. वहिनींनी दिवाळीला अनारसे करायला बोलावलं, तर म्हटलं, इथल्या पाण्यात पीठ मुरत नाही. त्या म्हणाल्या, मागं तर मुरलं. मी म्हटलं, हो ना, नवलच.

तुम्ही परत आला नाहीत. कार्ड टाकलं की तुमचा निरोप यायचा, बाजार हाय, सवड झाली की येतो. मग आम्हीच यायचं म्हणून हे दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा मी काही तरी काढलं, कारण आता मला घराची नाही, तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. पुढचा अधिक महिना यायच्या आधी, एका थंडीत तुम्ही गेल्याचा निरोप घेऊन वखारीतून माणूस आला. त्या दिवशी हे पहिल्यांदा तुमच्या खोलीत आले. पोती बाजूला सारून बसले आणि म्हणाले, "एवढंच?" मला वाटलं, एवढीच खोली म्हणतात. "एवढंच होतं?" ते पुन्हा म्हणाले. "याच्यासाठी नाही आणलंस मला?" आबा, आमच्या सगळ्या संसारात ह्यांनी मला लावून बोललेलं तेवढंच.

आता मी बरंच वाचते. पूर्ण पुस्तकं, न फाटलेली. वाचनालयातल्या बायका कधी बोलत बसतात तेव्हा मी तुमची गोष्ट सांगते. माझे वडील हमाल होते, आई नव्हती म्हणून त्यांनी जावयासाठी स्वतः अनारसे केले. बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. विकतच्या पुड्याचं मी कुणाला सांगत नाही. कोणी तरी विचारतंच, कसे झाले होते? मी सांगते, दिसायला काळे होते, पण इतके गोड, तसे पुन्हा मिळाले नाहीत.

हे मी मनानंच सांगते. कागदावर ओतले तेव्हा बोटांना लागलेला चुरासुद्धा मी पदराला पुसला होता. ह्यांनी एकदा तुकडा पुढं केला होता, मी नको म्हटलं. ते कसे झाले होते, हे मला माहीत नाही.