तुमच्या बंधूंनी हॉटेलात वाढलं, त्याविषयी

खंडेराव गेट, झाँसी
१६ डिसेंबर १९९३

ती. पार्वतीवन्संना अनुसूयेचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकूनच). तिकडे सागरला थंडी पडली असेल. तुमचे गुडघे आणि आबासाहेबांचा खोकला कसा आहे ते कळवावं. इकडे सगळे ठीक. तुमचे बंधू हॉटेलात वेटर झाले असं कोणी तुमच्या कानावर घातलं असेल, तर ते तसं नाही. झालं ते सविस्तर लिहिते, म्हणजे नातेवाइकांत तुम्हाला नीट सांगता येईल.

जावई जयसिंग यांना बढती मिळाली, म्हणून त्यांनी आम्हा दोघांना आणि आपल्या इंदिरेला छावणीच्या रस्त्यावरच्या नव्या हॉटेलात जेवायला नेलं. तुमच्या बंधूंनी छावणीतल्या अफसरांच्या मेसमध्ये छत्तीस वर्षं वाढलं, शेवटची अकरा हेड वेटर म्हणून, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (जयसिंगांच्या घरी लग्नात आपण 'मेसचे सुपरवायझर' सांगितलं होतं. ते तसंच राहू द्यावं.) रिटायर झाल्यापासून तीन वर्षं माणूस घरात बसून. पहिल्या वर्षी त्यांनी मला वाढायला शिकवलं: ताट डावीकडून ठेवायचं, उजवीकडून उचलायचं. एकदा मी ते समोरून आपटलं, तेव्हापासून शिकवणं बंद झालं. यंदा तर दाढीसुद्धा आठवड्यातून एकदा; विचारलं तर म्हणायचे, कुणाला दाखवायची आहे? दुपारभर खिडकीशी बसायचे आणि पाहायचे मात्र कुठेच नाही. मला धास्ती वाटू लागली होती. तुम्हाला मुद्दाम लिहिलं नव्हतं.

तर हॉटेल. झुंबरं वगैरे छान आहेत. वेटर पाच. चौघे फ्रिजपाशी क्रिकेटबद्दल बोलत होते आणि पाचवा, यज्ञेश्वर नावाचा, आरशात भांग पाडत होता. आम्ही बसून वीस मिनिटं झाल्यावर त्याचा भांग पुरा झाला. मग त्याने सूप आणलं, ते अंगठा नखापर्यंत बुडवून, आणि अंगठा आमच्याच टेबलाच्या चादरीला पुसला. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. यांनी चमचा सरळ केला. मग काटा. मग मिठाची बाटली. मग 'हात धुऊन येतो' म्हणून उठले, ते आलेच नाहीत.

तोवर आत-बाहेर नुसता बाजार चालला होता. वेटर दारातून ओरडायचा, "मटर पनीर किनका है?" तीन टेबलांवरून हात वर व्हायचे आणि डिश चौथ्याला मिळायची. थोड्या वेळाने हा आरडाओरडा एकाएकी थांबला. पाहते तर तुमचे बंधू, डाव्या हातावर नॅपकिन, उजव्यावर तीन डिशा, आणि मागे पाचही वेटर रांगेत, पोट आत घेऊन, बटणं लावून. (यज्ञेश्वरचा कंगवा मला दुसऱ्या दिवशी कपडे धुताना यांच्या खिशात सापडला.) मॅनेजरला वाटलं, यांना मालकांनी पाठवलं. वेटरांना वाटलं, मॅनेजरने नेमलं. अशा समजुतीवर दीड तास काम उत्तम चाललं.

अडचण एवढीच, की दोन टेबलं सोडून जयसिंगांचे साहेब, दीक्षितजी, सहकुटुंब जेवत होते. जयसिंग मेनूमागे गेले. तुमच्या बंधूंनी दीक्षितांकडे असं वाढलं, की त्यांच्या मिसेसचा नॅपकिन मांडीवरून घसरला तो जमिनीला लागायच्या आत यांच्या हातात होता. (इंदिरा म्हणते, लागला होता. नव्हता.) जेवण झाल्यावर साहेब बढतीचं अभिनंदन करायला आमच्या टेबलाशी आले आणि विचारू लागले, हे बुजुर्ग कोण? जयसिंग म्हणाले, आजच पाहतो आहे. इतक्यात तुमचे बंधू नवीन सूप घेऊन आले. ते डावीकडून जयसिंगांपुढे ठेवलं, "सूप, सर" म्हणाले आणि गेले. माझ्याकडेही पाहिलं नाही.

मागोमाग मॅनेजर आला. मालकांना फोन करून त्याने खात्री करून घेतली असावी. "ये आपके साथ हैं?"

जयसिंग मेनू वाचत राहिले. इंदिरा खाली पाहत होती. मी म्हटलं, "मेरे पति हैं। और इनके ससुर।"

दीक्षित साहेब चालत तुमच्या बंधूंपर्यंत गेले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. जयसिंगांनी आम्हाला गेटापर्यंत सोडलं. उतरताना त्यांनी यांच्या पायांना हात लावला. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत यांची दाढी झालेली होती.

आता रोज संध्याकाळी ते तिथल्या लोकांना काम शिकवतात. मॅनेजर घरी विचारायला आला तेव्हा मी पुष्कळ विरोध केला. पण माझं या घरात कोण ऐकतं?

आबासाहेबांना नमस्कार. तुमच्या आशीर्वादाची मागणी आहेच.

तुमची,
अनुसूया

ता.क. रिटायर झाल्यावर यांनी मेसमधला काळा बंद गळ्याचा कोट आबासाहेबांना दिला होता. तो पार्सलने लगेच पाठवावा. बटणं गेली असली तरी चालेल. आबासाहेब रागावले तर त्यांना स्वेटर विणून देईन. आणि विरोधाचं लिहिलं ते चारचौघांत सांगण्यापुरतं. मॅनेजर आला तेव्हा हे आंघोळीला होते. 'हाँ, कल से आएँगे' हे मीच सांगून टाकलं.

ता.क. २. हे कोणाला वाचून दाखवू नये. गेल्या रविवारी मी एकटीच तिथे जेवायला गेले. यांनी ओळख दाखवली नाही, खुर्ची मात्र ओढून दिली. दालमध्ये मीठ कमी आहे, असं मी म्हटलं. नव्हतं. "माफ़ कीजिए, मैडम," म्हणाले आणि दाल बदलून आणली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, वन्सं, हा माफीचा शब्द मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. या रविवारी रोटी गार आहे म्हणणार आहे. तुम्हीही या.