शिवतेजच्या रायफलीचा भाव

३ मार्च, सोमवार

पोलीस पाटील येऊन गेले. रायफलीचं काय ते ठरवा म्हणाले. लायसन शिवतेजच्या नावावर होतं. तो गेल्यापासून ती सांगलीच्या बंदूकवाल्याकडे जमा आहे. बायको म्हणून वारस मी. मी चहा टाकला. साखर घालायची राहिली. सगळे तसाच प्यायले.

इतकी वर्षं सीमेवर काढली आणि सुट्टीला आल्यावर तासगाव रोडला उसाची ट्रॉली! मागं लाल दिवा नाही. हे मी आता कुणालाही सांगू शकते. रडू तर आलंच नाही अजून. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

७ मार्च

दिग्विजय भावजी मोबाईल घेऊन आले. कुठलातरी व्हिडिओ. "वहिनी, ह्ये बघा! महायुद्धातली रायफल परदेशात लाखांनी जातीय. आपली तर आज्यानं इटलीत चालवल्याली."

आजा म्हणजे हरिबा, मामंजींचे वडील, त्यांचे आबा. सोप्यात त्यांचा फोटो आहे, छातीवर पदकं. भावजींना माझी ना-हरकत सही पाहिजे, मग रायफल त्यांच्या नावावर होईल. म्हटलं, आधी बंदूकवाल्या सिद्धूअण्णांना दाखवून तर घेऊ. का म्हटलं कोण जाणे.

सासूबाई म्हणाल्या, "दिऊन टाक सही. बाईमाणसाला बंदूक कशाला? मोकळी हो, पोरी."

मोकळी हो म्हणजे फलटणला माहेरी जा. एवढं कळतं मला. राग यायला पाहिजे होता. नाही आला.

८ मार्च

महिला दिनाचे मेसेज. भांडी घासली. झोपले.

११ मार्च, मंगळवार

सांगलीला जाऊन आलो. मी, मामंजी, भावजी.

सिद्धूअण्णांचं दुकान अरुंद, तेलाचा वास. रायफल आतनं आणून चादरीवर ठेवली. पट्टा तोच, शिवतेजनं दसऱ्याला घासलेला. मी हात लावला नाही.

अण्णांनी चष्मा सारखा केला, बॅटरी मारून खुणा वाचल्या. मुकुट. जी. आर. आय., ही इंग्रज राजाची अक्षरं म्हणे. इशापूर, कारखान्याचं गाव. मग साल.

"शेहेचाळीस," अण्णा म्हणाले.

"म्हंजी?" भावजी.

"म्हंजी लढाई संपल्यावर तयार झाल्याली. इटलीला कशी जाईल?"

मग बोल्ट, मागचा सरकता दांडा, काढला. बोल्टवरचा नंबर एक, बॉडीवरचा दुसराच. पुढचं लाकूड कापलेलं. शेवटी नळीत डोकावले. "नळी बी बदलल्याली. मूळची तीनशे तीन बोअरची ऱ्हायली न्हाई, आता तीनशे पंधरा हाय. जुन्या वस्तू जमवणारा हिला हात लावायचा न्हाई. चालू रायफल म्हणून जो भाव यील त्यो."

भाव सांगितला. एक जुनी मोटारसायकल येईल एवढा.

"कुणी वाटोळं केलं हिचं?" भावजी ओरडलेच!

मामंजी खाली बघत होते. "म्या बदलली नळी. तीनशे तीन म्हंजी फौजेची गोळी, घरात ठिवायला बंदी आली. बदलली नसती तर सरकारजमा झाली असती. आबांची तेवढीच वस्तू हुती रं."

"आन् इटली?"

"आबा इटलीत लढलं ते खरं हाय. पर ही तिथली हाय आसं म्या कवा म्हनलो? तूच सांगत फिरलास."

भावजी बाहेर जाऊन फोन लावत बसले. कुणाला, माहीत नाही.

अण्णांनी रायफल चादरीत गुंडाळली. म्हणाले, "ताई, तीनशे पंधरा हाय म्हणूनच वारसाला नावावर करून घेता येतीय बघा." माझ्याशी बोलतायत हे बराच वेळ कळलंच नाही.

१३ मार्च

सहीचा विषय बंद. "तुमचं तुमी बघा वहिनी," एवढंच म्हणाले भावजी.

१६ मार्च, रविवार

सकाळी ओट्यावर मामंजी म्हणाले, "तूच घे नावावर."

मी गवारीच्या शेंगा मोडत होते. सासूबाई आतनं आल्या. "आवं, काय बोलताय? ती ऱ्हानार हाय का हितं?"

"घर तिचं हाय. ऱ्हायचं आसंल तर ऱ्हाईल. कुनी इच्यारलंय का तिला?"

कुणीच विचारलं नव्हतं. माहेरी नाही, इथं नाही. तिकडे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते — पल्लवीला आणायचीय. इकडे सासूबाई आमचं कपाट आवरायला काढतात.

सासूबाई खाली बसल्या. शेंगा हातात घेतल्या. माझ्याकडे न बघता विचारलं, "ऱ्हातीस व्हय?"

"राहते, आत्या."

आवाज माझाच होता. सासूबाई शेंगा मोडत राहिल्या. माझ्यापेक्षा भरभर.

३० मार्च

पाडवा. यंदा आमच्यात गुढी नाही.

लायसनच्या अर्जाला रायफल चालवायला शिकल्याचा दाखला लागतो म्हणे. मला काडतूस कुठनं घालतात तेसुद्धा माहीत नाही! मामंजींनी पोलिसांच्या रेंजवर नाव घातलं.

१२ एप्रिल, शनिवार

रेंजवर पोलिसांचीच रायफल होती. जड. पालथं झोपवलं. दस्ता खांद्याला घट्ट दाब म्हणून शिकवणाऱ्या पोलीस बाई सांगत होत्या. मी दाबला नाही. पहिली गोळी — काय दणका बसला! नेम कुठल्या कुठं.

"लागलं का?" बाईंनी विचारलं.

हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. तिथंच मातीत, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मामंजी कुंपणापाशी उभे होते. ते आले नाहीत. बरं केलं.

खांदा काळानिळा पडलाय. लय दुखतंय.