आतले दार

३ नोव्हेंबर
शिकागोतील या पाळणाघरात द्वारपाल म्हणून आज रुजू झालो. चाळीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवले, हे कळताच बारा मुले मला ‘प्रोफे’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘मास्तर’, म्हणू लागली. मन प्रसन्न झाले. संचालिका दोन्या ग्रिसेल्दा यांनी नियम लिहूनच दिला: बाहेरचे दार सर्वांना खुले, आतले माझ्या बटणावर. इमिग्रेशनचे अधिकारी आल्यास कागद काचेवर धरण्यास सांगावे. न्यायाधीशाची सही असेल तरच दार उघडावे. त्यांच्याच कचेरीची सही पुरेशी नाही. मात्र आपण होऊन उघडले, तर ती संमती ठरते. एकही शब्द फाजील नव्हता.

६ नोव्हेंबर
दुपारी मुले झोपलेली असताना तोंड झाकलेले दोघे दोन दारांमधल्या जागेत आले. कागदावर आमच्या शिक्षिकेचे, यारेत्सीचे, नाव होते. सही न्यायाधीशाची नव्हती. मी तसे सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. ते बाकावर बसले.
यारेत्सी म्हणाली, “प्रोफे, लाल शाईने चूक दाखवून कागद परत पाठवायचा ना!” हसली, आणि काचेपासून दूर आत निघून गेली.

१० नोव्हेंबर
आज बाकावर चौघे. यारेत्सी चार दिवस घरी गेलेली नाही. मुलांच्या चटईवरच निजते. पालक त्या चौघांसमोरून मुलांना नेतात. काही जण परत आणत नाहीत.
एकाने काचेशी तोंड आणून मृदू स्वरात म्हटले, “आजोबा, थंडी फार आहे हो. उघडता का जरा?”
माझे बोट बटणावर होते. ते तेथे कधी गेले, मला आठवत नाही.

१२ नोव्हेंबर
सातच मुले. काचेवर त्या चौघांच्या श्वासाचे डाग. आज हात खिशात ठेवून बसलो.

१३ नोव्हेंबर
११.१० — आगीची घंटा. तिचा खटका त्यांच्या बाकाशेजारीच — कोणी ओढला, दिसले नाही. दोन्या ग्रिसेल्दा वकिलाकडे गेलेल्या. घंटा होताच आतले दार आपोआप सुटते आणि मुलांना आवारात नेलेच पाहिजे. तोही कायदाच.
धूर नाही. वास नाही. पण खात्री कशी —
ते चौघे उठलेलेसुद्धा नाहीत. आवारात तिला पकडायला न्यायाधीशाची सही लागत नाही; वाट पाहत आहेत.
यारेत्सीने मुलांना रांगेत न्यायची दोरी काढली आहे, सात मुठी तिला धरून. विचारते, “प्रोफे, सांगा ना, जायचं की थांबायचं?”
मी म्हणालो, तू थांब, दोरी मला दे. ती देते आहे — पण मुले तिचा हात सोडत नाहीत —