दोनदा फोन केला, उचलला नाही

प्रिय आत्या,

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. मी चोर पकडला, असं तुला लिहिलं होतं. तो चोर नव्हता. ते पत्र तू शेजारच्या काकूंना वाचून दाखवलंस, म्हणून आता हेही दाखव. सगळं नको वाटलं तर निदान हे एवढं वाक्य तरी.

माझं काम तुला पुन्हा नीट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबा मला खुर्चीवरची वॉचमन म्हणतात आणि ते फारसं चूक नाही. ज्या कंपन्यांना आपल्या संगणकांवर रात्रंदिवस नजर ठेवणं जमत नाही, त्या ती राखण आमच्याकडे सोपवतात. कुठे वावगं दिसलं की माझ्या पडद्यावर लाल पट्टी येते. मग ज्याच्या संगणकावर ते चाललंय, त्याला फोन लावायचा. एकदा नाही, दोनदा. त्याने उचललाच नाही, तर त्याचा संगणक नेटवर्कपासून तोडायचा, आणि काय काय केलं ते मिनिटासकट नोंदवायचं.

त्या रविवारी सकाळी अकरा वाजता यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून लाल पट्टी आली. सुट्टीच्या दिवशी कुणीतरी चार हजार ड्रॉइंग बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेत होतं. मी संगणक तोडला. माझ्या नोंदीवरून दुसऱ्या दिवशी त्या माणसाला कामावरून थांबवलं. आमच्या शिफ्टच्या ताईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, शेजारच्या टेबलावरच्या बडबड्याने मला समोसे आणून दिले, आणि मी घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं.

आता जे कळलंय ते असं. ते गृहस्थ तिथे एकतीस वर्षं ड्रॉइंग सांभाळतात, सगळे त्यांना ड्रॉइंगकाका म्हणतात. त्यांचा संगणक महिनाभर घरघर करत होता. त्यांनी दोनदा तक्रार केली, कुणी फिरकलं नाही. बंद पडला तर सगळं जाईल या धास्तीने ते सुट्टीच्या दिवशी स्वतःहून आले आणि ड्रॉइंग वाचवत बसले. डिस्क त्यांच्या टेबलाच्या खणातच सापडली, वर चिठ्ठी चिकटवलेली, तारखेसकट. तरी त्यांची चौकशी थांबली नाही. मनात काही नव्हतं तर फोन का उचलला नाही, एवढाच प्रश्न तिथे उरला आहे. ते म्हणतात, फोन वाजलाच नाही.

हे सगळं कळवणारं कारखान्याचं पत्र आमच्याकडे आलं तेव्हा ते बडबड्याने मोठ्याने वाचलं. म्हणाला, ऐका, म्हणे वाजलाच नाही, सगळ्या चोरांचे फोन सायलेंटवरच असतात! सगळे हसले. आत्या, मीही हसले.

तुला आठवतं, घरातला फोन वाजला की मी टेबलाखाली शिरायचे? आठ वर्षांची होईपर्यंत तूच मला घरी शिकवलंस. गणितं झाली की उत्तरांचं पुस्तक माझ्याच हातात देऊन स्वयंपाकघरात निघून जायचीस आणि म्हणायचीस, तपास तुझं तू. मी कधी एक मार्कही जास्त घेतला नाही. पण फोनवर कुणी मला मागितलं की तू बोलायचीस, मुंगी झोपलीय हो. भर दुपारी, आणि मी तुझ्या पायाशी टक्क जागी. तुला दोष देत नाहीये. हे लिहितानाही वाटतं की देतेय, म्हणून पुन्हा लिहिते, देत नाहीये. अनोळखी आवाजाशी बोलायची भीती माझी आहे आणि ती अजून तशीच आहे.

त्या रविवारी मी रिसीव्हर उचलला होता. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहूनही ठेवलं होतं, नमस्कारापासून. रिसीव्हर परत खाली ठेवला. म्हटलं, आधी नोंद करून टाकू, मग लावू. ‘दोनदा फोन केला, उचलला नाही’, असं लिहिलं, अकरा वाजून चार मिनिटं आणि अकरा वाजून नऊ मिनिटं, अशा वेळाही घातल्या. मग संगणक तोडला, आणि मग फोन लावायला काही कारणच उरलं नाही. काका खरं बोलतायत. फोन वाजला नाही, कारण मी तो लावलाच नाही.

मी जुन्या नोंदी काढून मोजलं. या नोकरीत ती ओळ मी सतरा वेळा लिहिली आहे. फोन खरे लावले अकरा वेळा. उरलेल्या सहांतली काकांची सोडली तर बाकीच्या पाचांत कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून मला त्या कधी टोचल्याही नाहीत. याचीच जास्त लाज वाटते.

काल ताईंनी एक कागद पुढे केला. ती नोंद बरोबर आहे अशी माझी सही कारखान्याला हवी आहे, मंगळवारी काकांची शेवटची सुनावणी आहे. ताई म्हणाल्या, तुझ्या नोंदीवर कोण गं शंका घेणार, कर सही आणि जा जेवायला. मी म्हटलं, घरी वाचून आणते. तीन ओळींचा कागद आहे. तो आत्ता माझ्या पिशवीत आहे, सहीची जागा कोरी.

धीर दे असं सांगायला हे लिहीत नाहीये. तू प्रेमाने एक शब्द बोललीस तरी मी पुन्हा टेबलाखाली शिरेन, म्हणून सोमवारपर्यंत मला फोन करू नकोस. पेटीत टाकलेलं पत्र परत घेता येत नाही आणि ते शनिवारी तुझ्या हातात असेल, एवढ्यासाठीच लिहिलं. तुला कळल्यावर मला सही करता येणार नाही. त्या कागदाऐवजी मी दुसरा लिहिला आहे, त्यात सहाही नोंदी आहेत. तो ताईंच्या हातात देईन आणि त्यांच्यासमोर कारखान्याला स्वतः फोन लावीन. उचलेपर्यंत ठेवणार नाही. नोकरी बहुतेक जाईल. बाबांना ते मी सांगेन, तू नको. फोनची वेळ आत्ताच नोंदवून ठेवते: सोमवार, चौदा तारीख, सकाळी नऊ वाजता.

तुझीच,
मुंगी