ठकी झोपेत असताना

१३ नोव्हें., गुरु. सुट्टी. खुटबाव.

सकाळी कारेगावच्या खोलीवरून घरी पोचलो. ठकी नेहमीसारखी शेपूट हलवत बांधापर्यंत सामोरी आली. मी वडिलांबरोबर चहा घेत होतो तेव्हा ती अंगणात किंचाळली. भुंकणं नव्हे, माणूस ओरडावं तसं. धावत गेलो तर जागच्या जागी उभी, पाठीची कमान, मागचे पाय थरथरत. हात लावला की पुन्हा तेच. पंजे पाहिले, काटा नाही. कान पाहिले. विंचू असेल म्हणून गोठ्यातले दगड उलटे केले. उंदराचं औषध टाकलंय का, शेजारी विचारून आलो. काही नाही. कारण सापडलं असतं तर इतकी भीती वाटली नसती.

आप्पा म्हणाले, "कंपनीच्या गेटावरनं उचलून आणलीस तवापास्नं नुसती नाटकं हायेत तिची." पण त्यांचाही चहा तसाच राहिला.

गुरांच्या दवाखान्यात फोन केला. कुत्र्याचं दौंडला दाखवा म्हणाले. रिक्षा सांगितली. आप्पा आले नाहीत. "कुत्रीला पेशल रिक्षा! लोकं हासत्याल."

दौंड. डॉ. बाई तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. "तोंड बांधा आणि घट्ट धरा. मालक तुम्हीच ना?" माझ्या रुमालाने बांधलं. त्या एकेक मणका दाबत गेल्या. कमरेशी आल्या तेव्हा ठकीने माझ्याकडे पाहिलं. बाईंकडे नाही. निदान पक्कं नाही. मणक्यात नस दबली असावी. पुन्हा झालं तर पुण्याला नेऊन एक्स-रेचा फोटो. दोन इंजेक्शनं दिली, एक दुखण्याचं, एक झोपेचं. उड्या बंद, बांधून ठेवायची, गोळ्या चुकवायच्या नाहीत.

घरी आणली तेव्हा गाढ झोपली होती. एक गोळी मिळाली नव्हती ती आणायला यवतला गेलो. परत आलो तर ओसरीवर जळक्या केसांचा वास.

कमरेवर दोन डाग. आडवे, बोटाएवढे जाड.

"आप्पा, हे काय केलंत?"

"डाग दिला. कंबर धरली हाय तिची. बैलाला देत न्हाई का आपण?"

"आत्ताच दवाखान्यातून आणलीय ना!"

"म्हनूनच. झोपली हाय तवर उरकलं. जागी आसती तर माझा हात उचलला नसता रं. प्रार्थना करून टेकवली सळई."



१४, शुक्र. कारेगाव.

फर्स्ट शिफ्ट. लाइनवर दोनदा चुकलो, सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. आप्पा निर्दयी आहेत असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. म्हणता येत नाही.

१६, रवि.

फोन केला. आप्पा नुकतेच चर्चहून आले होते. "उठली. चालती हाय. भाकर खाल्ली."

गोळ्या?

"आता कशाला? डागानं उठली की."

इंजेक्शनाने उठली असेल, असं म्हणालो. "आसंल. मंग डागानं मेली का?"  बारावी अर्ध्यावर सोडली, तिथवर हे शिकवलं नव्हतं. फोनमध्ये मागून कुणीतरी म्हणत होतं, "आप्पा, माझ्या शेळीचंबी बघा की एकदा." म्हणजे गावभर झालं.

२०, गुरु. सुट्टी. खुटबाव.

बांधावर कुणी नाही. मला पाहून ठकी बाजेखाली शिरली, तिथेच मुतली. हाक मारली तर गुरगुरली. डाग चिघळलेत, माशा बसतात. मलम घेऊन वाकलो तर दात दाखवले. आप्पांनी मलम मागून घेतलं, तिला मांडीवर घेतलं, बोटाने हळूहळू लावलं. ती डोळे मिटून पडून राहिली, मग त्यांचा हात चाटला. सळई धरलेला तोच हात.

"तू तोंड बांधलंस तिचं. मुकं जनावर इसरत न्हाई." टोमणा नव्हता. समजूत घालत होते.

भाजताना ती झोपेत होती. तिला माहीत आहे ते एवढंच, की मी नेलं, मी बांधलं, आणि जाग आली तेव्हा कंबर जळत होती. खरं काय झालं ते तिला सांगायची सोय नाही.

डॉ. बाईंना फोन. "भाजलं? कुणी?" घरात, म्हणालो. "मग माझ्याकडे आणलीत कशाला?" मी फोन ठेवून दिला.

गोळ्यांचं पाकीट न फोडलेलं, खिडकीत. आप्पा म्हणतात, आजपास्नं देतो.

२७, गुरु. खुटबाव.

पुन्हा. या वेळी मान. खाली वाकत नाही, वळत नाही, पाण्यासमोर उभी राहून रडते. डॉ. बाई म्हणाल्या लगेच आणा, झोपेचं इंजेक्शन देते, आज फोटो काढलाच पाहिजे. मी उचलायला गेलो तर मागे सरकली आणि सरकताना किंचाळली. म्हणजे ती किंकाळी माझ्यामुळे. दारात थांबलो. आप्पांनी उचलली तर गप्प.

"तुम्ही चला आप्पा. माझ्याकडे ती येणार नाही."

"येतो की. मांडीवर घिऊन बसतो. पण परत आल्यावर मानंला एक डाग द्यायचा. तवा आडवा यायचं न्हाई."

"आणि पुण्याचा फोटो?"

"आधी डाग. न्हाई गुण आला तर मंग ने तुझ्या पुण्याला."

बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? दौंडहून परस्पर पुण्याची गाडी करावी असं मनात आहे. पण तिथे तिला धरणार कोण? तिथेही आप्पाच लागतील. त्यांना न विचारता त्यांनाच कसं न्यायचं, ते ठरत नाही.

रिक्षा चौफुल्याहून निघाली आहे, तेवढ्यात हे लिहितो. आप्पा अंगणात पाणी तापवायच्या चुलीपाशी बसलेत, ठकी मांडीवर. एका हाताने तिला थोपटत आहेत. दुसऱ्या हाताने त्यांनी एक जाड लाकूड चुलीत आत सारलं, आम्ही परत येईपर्यंत निखारा राहावा म्हणून.